फिरतंय, पेटत नाही

डांबर संपतं तिथून तिसरं घर आमचं.
सकाळी सात, उणे एकोणीस.
किल्ली फिरवली. खॅर्र, खॅर्र, खॅर्र.
इंजिन फिरतंय, पेटत नाही.

शहाऐंशी सालची बुखांका. बुखांका म्हणजे पाव:
रशियन भट्टीतून निघालेला, चार चाकं लावलेला करडा पाव.
त्यातून बाबांनी मेंढ्या नेल्या, नवऱ्या आणल्या,
एकदा शाळेचा पियानो,
आणि बर्फात अडकलेले दोन सर्व्हेवाले.
आज त्यांनाच न्यायचंय नारीनच्या दवाखान्यात,
साडेदहाची वेळ.
ते शेजारच्या सीटवर, कानटोपी भुवयांपर्यंत,
उजवा हात घोंगडीखाली,
आईने ठेवला तिथेच.

मी बिश्केकला जपानी गाड्या दुरुस्त करतो.
म्हणजे केबल लावतो,
कुठे दुखतंय ते पडदा सांगतो, मी बिल करतो.
हिला केबल लावायला भोकच नाही.

"अ... अत..." बाबा म्हणाले.
सप्टेंबरपासून असंच. शब्द जिभेवर चढतो आणि घसरतो.
मी म्हटलं, हो बाबा, बघतो.

बुखांकाचं इंजिन दोन सीटच्या मध्ये, पेटीखाली.
पेटी उचलली की मी त्यांच्या गुडघ्याशी,
नऊ वर्षांचा होतो तेव्हा बसायचो तसाच.
तेव्हाचाच क्रम लावला.
बॅटरी? फिरवतेय, म्हणजे आहे.
पेट्रोल? पंपाची दांडी हाताने हलवली,
काचेच्या वाटीत तांबूस थेंब चढले.
प्लग काढला: ओला.
नाकाशी धरला तर डोळ्यांत पाणी.
जेवण पोचतंय, चूल थंड आहे.

शेजारचा मुकाश घोड्यावरून आला, उतरला नाही.
दारातून वाकून म्हणाला, ढकला.
कोण ढकलणार?
तेही खरं, म्हणाला, आणि थांबून राहिला.
त्याच्या घोड्याची वाफ आमच्या गाडीत.

वायर लोखंडाजवळ धरून आईला म्हटलं, फिरव किल्ली.
ठिणगी दिसली न दिसली,
पिवळट, आजाऱ्याच्या नखासारखी.
निळी हवी, बाबा म्हणायचे, निळी, आणि टच्च वाजली पाहिजे.
म्हणायचे.
आई पाणी तापवायला आत गेली.

आता कॉइल? कंडेन्सर? की झाकणालाच तडा?
हातमोजे काढले तर बोटं लोखंडाला चिकटतात,
घातले तर स्क्रू सापडत नाही.
शिवी दिली, रशियन. किर्गिझ शिवी बाबांसमोर देववेना.
वर पाहिलं तर त्यांचा डावा हात उठलेला.
दोन बोटं. उघडली, मिटली. उघडली, मिटली.
डोळे थेट माझ्यावर.

पॉइंट!

झाकण काढलं. पॉइंट काळेठिक्कर, वर खड्डा पडलेला.
बाबांच्या खिशात काड्यापेटी सापडली,
तिच्या खरखरीत कडेने घासले, चमक येईपर्यंत.
फटीचं माप कुठून आणू?
दवाखान्याचं कार्ड मध्ये सरकवलं,
त्यांचं नाव, रक्तदाब, पुढची तारीख.
कार्ड अडत अडत निघालं. तेवढंच हवं होतं.

खॅर्र, खॅर्र, आणि मग एकदम सगळी पेटी थरथरली.
मुकाशचा घोडा बिचकला.
बाबा हसले, अर्ध्या तोंडाने, पण हसले.

पोचायला सव्वाअकरा. डॉक्टर रागावली.
परतताना बर्फावर ऊन होतं आणि मी एकटाच बोलत होतो,
कंडेन्सरबद्दल, कॉइलबद्दल, कुणाकुणाबद्दल.

रात्री आईला सांगितलं:
बोलता येत नाही, पण दोन बोटांत रोग दाखवला!
आई कणीक मळायची थांबली नाही.
"अशी बोटं? उघडमीट?
ते सिगारेट मागतात. डॉक्टरने बंद केल्यापासून
दिवसातून दहादा."

मी बराच वेळ उंबऱ्यात उभा.
मग शेगडीपाशी त्यांच्याजवळ जाऊन बसलो.
एकच हं, म्हटलं.
काड्यापेटीची एक कड घासून गुळगुळीत झालेली,
दुसरी शाबूत होती.
काडी ओढली.
पहिल्यांदाच पेटली.