दम कोंडा

चुडामण शिंप्याच्या व्हिडिओला पाटी नव्हती.
अमळनेरात, बंद पडलेल्या जिनात,
सरकीच्या वासावर गोणपाट अंथरलेलं.
बसून रुपया, उभ्याने आठ आणे.
टीव्हीपुढे पडदा,
तो कुणाच्या तरी लग्नातल्या शालूचा.

कॅसेट सुरतेहून यायची, पॅसेंजरने, दर मंगळवारी.
हिंदी नाही, इंग्रजीही नाही. चिनी.
खाली अक्षरंही चिनी,
गुळाच्या ढेपेवरून हुसकलेल्या मुंग्या.
म्हणून उखर्डू सुतार.

कानाला पेन्सिल, बुडाखाली स्टूल,
दिसेल ते तो अहिराणीत सांगायचा.
दिसत नसेल तेही.
"हाऊ मरेल शे. परमुलुखमा मरी गया,
आते घर चालना."
आणि मढं यायचं,
हात पुढे ताठ, गुडघा न वाकवता टुणकन उडी,
निळा झगा, तोंडाला पीठ फासल्यासारखं,
कपाळावर पिवळा कागद.
कागद आहे तोवर गरीब.
निघाला की उठलंच.

भगताने तांदूळ फेकले
की उखर्डू म्हणायचा, "दादर फेकी त्यानी."
मागून कोणी ओरडलं, तांदूळ शेतस ना भो ते!
"तांदूळले भूत कोठे भिस रे? दादरच लागस."

एकदा भगताने दोरा शाईत बुडवला,
पेटीवर ताणला, चिमटीत उचलून सोडला.
टप्. काळी रेघ.
उखर्डू गप्प.
उठून काचेला बोट लावलं.
"हाई तं आमनं सूत शे.
आमनं गेरूनं, त्यानं शाईनं.
भगत नही, सुतार शे तो."
पुढचा आठवडाभर गावातल्या चौकटींवर
त्याने सूत जरा हळूच सोडलं.

मढं जवळ आलं की मात्र आवाज चढायचा,
"दम कोंडा रे पोरेसहोन!
त्याले डोया नही. तुमना सास ऐकीसन येस तो."
पन्नास पोरं, गाल फुगवून.
बिड्यासुद्धा हवेत थांबलेल्या.
आत व्हीसीआरची घरघर
आणि बाहेर बोरीच्या पात्रात एक गाढव,
ज्याला कुणी सांगितलं नव्हतं.

शेनफडू त्याचा धाकटा.
आधीची तीन लेकरं गेली, म्हणून
एकाला उकिरड्यावर टाकून उचललं, एकाला शेणातून.
नावं अशी, की मरणाने वास घ्यावा
आणि पुढच्या घरी जावं.
शेनफडू सुरतेला डाइंग मिलमध्ये होता.
कॅसेट पाठवणारा तोच.

एका मंगळवारी कॅसेट आली नाही.
पार्सलच्या डब्यातून खोकं उतरलं.
उखर्डूने वरून हात फिरवला.
"चार खिया वाकड्या," एवढंच बोलला.
झाकणावर रेल्वेची पावती, खळीने डकवलेली.
पिवळी.

फलाटावर आम्ही सात-आठ पोरं.
हमालाने अंगठा घेतला, मग
पावतीचं टोक नखाने उचकटलं
आणि फर्रकन ओढली.

मी डोळे मिटले नाहीत.
दम कुणी न सांगता कोंडलेला.
उखर्डूही बघत होता, खोक्याकडे नाही,
पावतीखालच्या खळीच्या ओल्या चौकोनाकडे.
त्याचेही गाल फुगलेले.

गाडी भुसावळकडे सुटली.
शेवटचा डबा गेला.
काही उठलं नाही.
मग त्यानेच आधी श्वास सोडला.
"चला रे. घर चालना तो."

खोक्याच्या फळ्या त्याने जाळल्या नाहीत.
खिळे सरळ केले, गेरूचं सूत मारलं,
जिनात एक लांब बाक करून दिला.
आठ आणेवाले तेव्हापासून बसून बघायला लागले.
लाकूड कुठलं, ते आम्हा सात-आठ जणांनाच माहीत.
आम्ही उभेच राहायचो.