गाळ

शातो म्हणजे गढी, असं मी पाहुण्यांना सांगते
शनिवार-रविवार, अकरा ते सहा,
गंगापूर धरणाकडे तोंड केलेल्या काउंटरमागून.
आज पाहुणे नाहीत. आज छाटणी संपली
आणि वृषालीताईंनी कपाटातून ती बाटली काढली:
शातो व्हॅर्नेद, एकोणनव्वदची.
लेबलवर एक फाटक, दोन उंच झाडं,
तिसरं असेलही, तो कोपरा ओलीनं खाल्लाय.

ताई तिथं दोन वर्षं शिकायला होत्या.
चारशे वर्षांची बाग, त्या सांगतात.
आधी मठातले साधू, मग कुणी वकील, मग त्याची विधवा,
जी नवऱ्याचं कर्ज फेडून झाल्यावरच
पहिल्यांदा स्वतःची वाइन प्यायली.
पुढे मुळांना कीड लागली, अख्खी बाग वाळली.
अमेरिकेतून रानवेलीचे खुंट आणले,
त्यांवर आपली कलमं बांधली.
"म्हंजे आपल्या डॉगरिजवानीच," लहानीबाई म्हणाली.
"गढी त्यांची, खुंट परका."
लढाईत तळघरात खोटी भिंत घातली,
आणि ती जुनी दिसावी म्हणून
पोरांनी कोळी पकडून आणून तिच्यावर सोडले.
बाबू लिलकेला बाकी काही पटलं नाही.
कोळी पटले.

बूच मधेच तुटलं.
ताई काहीतरी फ्रेंचमध्ये पुटपुटल्या.
मग चहाची गाळणी,
नऊ माणसं, पाच ग्लास, उरलेल्यांना स्टीलचे पेले.

रंग: जुन्या विटेचा, कडेला काताचा.
वास: पुस्तकात दिलंय, सीडर, कसिस, ट्रफल.
यातलं एकही मी कधी हुंगलेलं नाही.
सहा वर्षं हे शब्द विकतेय.

लहानीबाईनं पेला नाकाशी नेला.
बराच वेळ तिथंच धरला.
"सासऱ्याची चंची," ती म्हणाली.
"म्हातारा गेल्यावर उघडली तवाची.
पान नव्हतं. सुपारीचं खांड होतं एक."
मी ते रजिस्टरात लिहिलं,
तापमानाच्या रकान्यात, दुसरा रकाना नव्हता.

एकोणनव्वदला बाबू पेठच्या आश्रमशाळेत चौथी नापास,
ताई नाशिकरोडला, प्रेसच्या क्वार्टर्समध्ये.
लहानीबाई सुरगाण्याहून पहिल्यांदा खुडणीला उतरलेली,
आणि मी सिव्हिलच्या काचेच्या पेटीत, सातव्या महिन्याची.
नर्स दर दोन तासांनी यायची म्हणे.
आणि तिकडं त्याच हिवाळ्यात कुणी माणूस
दर आठवड्याला दिवा घेऊन तळघरात उतरायचा,
पिंपातून जेवढी उडाली
तेवढी पुन्हा भरायचा.
त्याचं नाव ताईंना ठाऊक नाही. मी विचारलं.

गाळणीतून सुटलेला गाळ
लहानीबाईच्या पेल्यात बसला.
"टाकून द्या तो," ताई म्हणाल्या.
तिनं बोटानं पुसून चाटला.
"तुरट हाय."
बोट पुन्हा फिरवलं.
"पर मागून येतंय कायतरी."

काय, ते तिनं सांगितलं नाही.
उद्या सातला डोळ्यांना पेस्ट लावायचीय,
हातमोजे कमी आहेत, त्यावर बोलणं गेलं.

रविवारी पुण्याचं कुणी विचारेल, नोट्स काय आहेत?
मी सीडरच म्हणेन, पगार त्याचा आहे.
पण त्याआधी
थोडी थांबेन.