पाठीतला दोरा

पहाटे तीनला मी परडी वर ओढते.
चौकोनी, जाळीची, काठांना शिसं बांधलेली.
बॅटरीच्या झोतात आधी डोळे चमकतात, निखाऱ्याचे ठिपके,
मग मिशा,
मग कळतं किती उरलंय.

माणसाच्या पोटातलं ओठांवर येईतो जन्म सरतो.
कोळंबीचं पाठीतूनच दिसतं:
डोक्यापासून शेपटीपर्यंत एक दोरा.
काळा असला तर तळाचा चिखल उकरतेय,
तांबडा असला तर मेलेल्या बहिणीला खाल्लंय,
तपकिरी असला की मुकादम वॉशिंग्टन मेरो खूश,
आमचीच गोणी.
नाव वॉशिंग्टन, जन्म इथलाच, पुना बेटावरच्या खाडीतला.
त्यानं बर्फ पाहिला नाही.
मी दार उघडलं की समोर डोंगरावर असायचा.

जुन्या गोणीत मासळीची भुकटी असे,
खाली पेरूच्या किनाऱ्यावरून आलेली.
हात तीनदा धुतले तरी ताटात उतरायचा तो वास.
साईरी म्हणायचा, आई, तू आज समुद्र घालून आलीस.

मंगळवारी नवी गोणी आली.
वर सोयाबीनचं चित्र, गव्हाची ओंबी,
आणि खाली बारीक अक्षरांत
चोचो.

दोनदा वाचलं.
चोचो! जांभळ्या तुऱ्यांचं आमचं कडधान्य,
दहिवरात न करपणारं,
आणि कडू असं की मेंढरूही तोंड लावत नाही.
आई ते उकडून पोत्यात बांधायची, ओढ्यात सोडायची,
पोत्याला दोर, दोराला धोंडा,
चार दिवस, पाच रात्री.
रोज एक दाणा चाखायचा.
अजून कडू आहे.
पुन्हा पाण्यात.

मी गोणीतली एक गोळी जिभेवर ठेवली.
वॉशिंग्टन ओरडला, थुंक!
कडू नव्हती.
कुणी धुतलं असेल, कुठल्या ओढ्यात,
आणि चाखलं कुणी?

पहिल्या रात्री परडी भरलेलीच वर आली.
दुसऱ्याही.
मग ग्वायाकिलहून कारखान्याची पोरगी आली, वही घेऊन,
म्हणाली, वरून थोडं माकुळाचं पाणी शिंपडू,
वासाला भुलतात या, मग पोट आपोआप शिकतं.
शिकलं.
नवव्या रात्री एक उचलून झोतासमोर धरली:
दोरा फिकट, पिवळसर,
उकडल्या चोचोच्या सालीसारखा.
तेवढ्यात ती हातातून उसळून गेली.

रविवारी भावाचा फोन.
कंपनीचा ट्रक आता बांधावरूनच चोचो उचलतो,
भाव बरा आहे, कौलं बदलली,
पण बाजारात वाटीभर मिळत नाही.
मग आई काय खाते?
तो हसला. टिनातली मासळी. आवडायला लागलीय तिला.

आज घरी आले तर साईरी जागाच होता.
माझे दोन्ही तळवे त्यानं नाकाशी धरले,
उलटे केले, पुन्हा हुंगले,
आणि संशयानं विचारलं,
कामावरच गेली होतीस ना?