ऐनवेळचे विषय

सातपूरच्या विहारात, शनिवारी,
पॅकिंग हाऊसची शिफ्ट सुटल्यावर
हौसा पगारेची करुणा झेरॉक्स घेऊन आली.
समुद्रापल्याडच्या काळ्या बायकांचं लिहिणं,
मराठी तिनंच केलेलं, खाडाखोडीसकट.

बोटांवर कात्रीचे वळ. आम्ही ऐकत होतो.

त्यांनाही म्हणे सांगितलं होतं,
आधी समाजाचं होऊ दे, मग बायकांचं.
आणि बायका म्हणाल्या,
आधी बायकांचं होऊ दे, मग तुमचं.
यमुना भोये हंगामात पहिल्यांदा हसली.
"अमेरिका पेठच्या किती पुढं गं?"

युनियनच्या नोटिशीत
आमचा संडास कायम सातवा:
अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळी येणारे विषय.
सहाव्याला चहा लागतो.
चहा आम्हीच करतो.
कपबशा विसळून येईतो
सतरंजी गुंडाळलेली.

करुणा एका ओळीवर अडली,
मराठीत बसेना.
यमुना म्हणाली, पेटीत
तळाचा घड आधी दबतो, असंच ना?
करुणानं ते तसंच लिहून घेतलं.

चार वर्षं नोटिसा न् इतिवृत्त मी लिहिते,
अक्षर वळणदार म्हणून.
अक्षराला मतही असतं
हे कुणी सांगितलं नव्हतं.

विषय क्रमांक एक: संडास, कडीसह.
विषय क्रमांक दोन: सुपरवायझर कुणाला कोणत्या नावानं हाक मारतो.
पगारवाढ तीन.

रविवारी अध्यक्षांनी चष्मा पुसला,
पुन्हा वाचलं.
"हे कुणी..."
मागून कुणीतरी चहाचं विचारलं.

यमुनेनं फक्त मांडी बदलली.