घडवाली

कोकिळा वारकेच्या स्कोअरबुकात
डावीकडे लिहिलंय रेल्वे कॉलनी, भुसावळ, मुली.
उजवीकडे नुसतं: बेटं.
कुठलं बेट, विचारलं तर म्हणायची, सगळी.
एकाच बेटावर अकरा जणी सापडतात का कुठं?
आपलं नाही का, सावद्याच्या तिघी, फैजपूरच्या दोघी,
भालोदची एक, म्हणजे मी, लग्न ठरलेली,
यष्टीमागे चिनावलहून कुणाची तरी वहिनी,
आणि वर नाव द्यायचं, संघ.

शहात्तर साल. गाडी इंजिन बदलायला थांबलेली,
रात्रीचे दोन, बाप पार्सल ऑफिसात
म्हणून ही चौदा वर्षांची पोर जागी.
किरमिजी कोटातल्या बायका खाली उतरल्या.
एक किटच्या पिशवीवर बसून पॅडचा पट्टा शिवत होती,
दाभण दातात धरून.
एक नळावर मोजे धूत होती.
मॅच कुठं, कधी,
विचारणार कोण, आणि कुठल्या भाषेत?

पलीकडे वॅगनीत केळी भरत होते.
त्यांच्यातली सगळ्यात उंच
वासानं थांबली.
चालत आली, हमालाच्या हातून कच्चा घड घेतला
आणि टाकला उजव्या खांद्यावर, दांडा पाठीमागे,
मान किंचित वाकडी,
रावेरचा माणूस टाकतो, अगदी तसा.
हसायला लागलेले हमाल हसायचे थांबले.
हिले जमतं भो, एक म्हणाला.

हे एवढंच घडलं. कोकिळा सांगते तेवढं.
गाडी वीस मिनिटांत गेली.

पुढं तिनं कात्रणं जमवली,
भज्यांच्या पुड्या उलगडून वाचल्या.
आधी म्हणे बेटं वेगवेगळी खेळायची,
एकाच विश्वचषकात, शेजारणी भांडल्यासारखी.
मग एक झाली. एक देश नाही,
सगळ्यांचं मिळून एक राष्ट्रगीत नाही,
टोपी तेवढी एक.
नर्स असतील, मास्तरीण असतील,
बिनपगारी रजा टाकून आल्या असतील गं.
पुरावा नसला की कोकिळा तिथं
असतील ठेवायची, पेन्सिलीनं.

एकोणऐंशीनंतर वही कोरी.
थेट त्र्याण्णवपर्यंत, चौदा वर्षं.
वनवासच की, मी म्हणाले, तर चिडली:
वनवासाला आधी राजवाडा लागतो,
आणि मागे पादुका सांभाळणारा कुणीतरी.
यांचे बूट कुणी सांभाळले?
तिचे स्वतःचे, पांढरे, कॅनव्हासचे,
जावेनं निंदणीला नेऊन फाडले.
हे ती एकदाच बोलली, भांडी घासता घासता.

मग सोळाचा एप्रिल. सावद्याची पॅकिंग शेड,
बेचाळीस डिग्री, पानं कडेनं करपलेली,
खोक्यांत फण्या लावणाऱ्या आम्ही म्हाताऱ्या-तरण्या
आणि घडाला टेकवलेला
जुबेदा तडवीचा तडकलेला मोबाईल.
बेटांना कोलकात्यात एकशे एकोणपन्नास हवे होते.
दर षटकाला नेट अडकायचं,
चेंडू हवेत तसाच, फलंदाजीण पाय उचलून उभी,
आणि आम्ही हातात फणी धरून.
कोकिळा पुठ्ठ्यावर रेघा मारत राहिली.
तीन चेंडू राखून जिंकल्या.
जुबेदा किंचाळली, दोन खोकी कलंडली.
कोकिळा नाही ओरडली. पुठ्ठ्याची घडी केली.
मुकादम म्हणाला, तुह्या कोन लागता त्या?
पाहुण्या होत्या, ती म्हणाली,
चहा द्यायचा राहिला.

स्कोअरबुक आता माझ्याकडे आहे, तिच्या सुनेनं दिलं.
गोलंदाजीच्या रकान्यात, पहिलं नाव: घडवाली.
षटकं, निर्धाव, धावा, बळी,
चारही घरांत पेन्सिल टेकवून उचलल्याची खूण.
शेऱ्यात मात्र स्वच्छ शाईनं:
उजवा खांदा. मान किंचित वाकडी.