पान एकशे एकेचाळीस

कादंबरी बाहेर आली त्या मंगळवारी
इन्व्हरकार्गिलमध्ये नेहमीचाच वारा होता,
आडवा, समुद्राचं मीठ घेऊन आलेला,
आणि मी औषधांच्या दुकानात
खोकल्याच्या बाटल्या मांडत होते.
मिस्टर टुलोक आले. गुडघ्याचं मलम मागितलं.
सांगावंसं वाटलं त्यांना.
सुटे पैसे दिले.

प्रकाशनाला चौदा माणसं.
पाच रक्ताची, दोन वारा चुकवायला आत शिरलेली.
आईने मात्र साठ चीज रोल केले होते,
आठवडाभर तेच खाल्ले आम्ही.
पुस्तक तिने एका रात्रीत संपवलं
आणि सकाळी एवढंच विचारलं,
"यातली ती भांडी आपटणारी बाई, मीच ना?"
मी म्हटलं, छे.
तिने कपबशी इतकी हळू ठेवली
की आवाजच झाला नाही,
आणि तो न झालेला आवाज
अजून आमच्या ओट्यावर आहे.

सहा वर्षं लिहिलं.
आगाऊ रकमेत गाडीला नवा क्लच बसला.
सेकंडवर टाकताना आता कुरकुर होत नाही,
हे कुणी परीक्षणात लिहिलेलं नाही.

शनिवारी दुकानात जाऊन
पाठ फिरवून उभं असलेलं माझं पुस्तक
तोंड पुढे करून ठेवते.
पुढच्या शनिवारी ते पुन्हा भिंतीकडे.
कुणीतरी माझ्याइतकंच चिवट
कामाला आहे तिथे.

मग शाळेतून बोलावणं आलं.
नववीचा वर्ग, ओल्या स्वेटरांचा वास.
"किती मिळाले?" एका मुलाने विचारलं.
क्लचचं सांगितलं. पहिल्यांदाच सगळे हसले,
माझ्या बाजूने.
मागच्या बाकावर एक मुलगी, विकितोरिया,
कानावर आखूड पेन्सिल खोचलेली.
तिने काहीच विचारलं नाही.

तास संपल्यावर मिसेस डल्गेटींनी
ग्रंथालयाची प्रत पुढे केली, ओशाळून.
पाठ मोडलेली, कोपऱ्यावर जॅमचा डाग.
पान एकशे एकेचाळीस:
रूथी पुलावर परत येते, ते पान.
समासात पेन्सिलीने,
*खोटं. अशी माणसं परत येत नाहीत.*
त्याखाली निळ्या शाईत, दुसरं अक्षर,
*येऊ शकतात.*
पुन्हा पेन्सिल, कागद फाटेल इतकी दाबून,
*तुला काय माहीत.*
त्यापुढे शाई गप्प.

"खोडून टाकते हं," म्हणत त्यांनी रबर काढला.
माझा हात मध्ये पडला.

कारण पहिल्या खर्ड्यात
रूथी परत आलीच नव्हती.
पुलावर नुसता वारा होता, चार पानं.
ऑकलंडहून संपादिकेने लिहिलं होतं:
वाचणारं पोर पंधरा वर्षांचं आहे, शोना,
एक खिडकी तरी किलकिली ठेव.
मी ठेवली.
एका रात्रीत तिला परत आणलं,
बसमधून उतरवलं, हातात पिशवी दिली,
पिशवीत काय आहे ते मलाही ठाऊक नव्हतं.

संपादिका चुकली असं म्हणत नाही मी.
त्या निळ्या शाईवाल्या पोराला
कदाचित ती खिडकीच हवी होती.
पण माझीही एक रूथी होती,
वेगळ्या नावाची.
तिच्यासाठी मी पुलावर
चार पानांहून जास्त उभी राहिले होते.
पेन्सिलीने ते नेमकं ओळखलं.
सगळ्या गावात एकटीने.

दाराशी विकितोरिया थांबली होती,
बुटाचं टोक फरशीवर घासत.
"पुढचं पुस्तक लिहिताय?"
"हो," मी म्हटलं. एक ओळही नव्हती झाली.
तिने माझ्याकडे पाहिलं,
पान एकशे एकेचाळीसकडे पाहावं तसं.

रात्री वही उघडली.
बाहेर पत्रा वाजत होता, आई झोपली होती.
पहिलं वाक्य काही केल्या येईना.
मग पट्टी घेतली
आणि समास आखत बसले.
या खेपेला जरा रुंद.