छाट

शंभर इलेक्ट्रॉन-जोड्यांमागे
म्युऑनच्या पंच्याऐंशीच.
बी-मेसॉन विरतो तेव्हा
एवढा दुजाभाव व्हायला नको होता.
म्युऑन तेवढा जड, बाकी सख्खा भाऊ.

या पंधरांसाठी मी चार वर्षं दिली.
विडी घरकुलात, पत्र्याखाली,
बाहेर चव्वेचाळीस अंश
आणि समोरच्या बोळात राजमल्लूचे यंत्रमाग,
टॉवेलांची खडखड कानात मुरलेली.
सहा मिती दुमडल्या, इतक्या बारीक
की कुठल्याच यंत्राला शिवण दिसू नये.
पटलं एकमेकांत तिरकी रोवली,
छेदली तिथे एक जड बोसॉन बसवला,
म्युऑनकडे वाकड्या नजरेनं बघणारा.

अम्मा शेजारी, सूप मांडीवर.
भिजवलेलं पान, चिमूटभर तंबाखू,
अंगठ्याची एक वळणी, मग दोरा.
दोन वेढे, गाठ.
एकदा तिला सांगितलं,
माझा तंतूही असाच
गुंडाळलेल्या मितीभोवती फिरतो,
वेढे जितके, वजन तितकं.
ती म्हणाली, सैल बांधू नको, निसटतो.

डिसेंबरात बातमी आली.
मोजणीत खोट होती.
भलतेच कण इलेक्ट्रॉनचा वेष घेऊन
त्याच्या रांगेत उभे होते.
ते बाहेर काढले, तशी तूटही गेली.
माझं गणित चुकलं नव्हतं.
त्याला आता काही काम नव्हतं.

रात्री कडक भाकरी, शेंगाचटणी.
"लेक्क तप्पिंदा?" तिनं विचारलं.
हो अम्मा, हिशेबच चुकला होता.
कुणी काढली चूक?
मोजणाऱ्यांनीच.
आणि कबूल केली?
हो. छापून.

ती बराच वेळ हात धूत राहिली.
मग आतून तिचं कार्ड आणलं,
कारखान्याच्या शिक्क्याचं.
दिल्या हजार. छाट दीडशे.
दिल्या हजार. छाट दीडशे.
ओळीखाली ओळ, मी शाळेत जायच्या आधीपासून.
छाटलेल्या विड्या परत मिळत नाहीत.
त्याही विकल्या जातात, हे सगळ्या गल्लीला ठाऊक.

पंच्याऐंशी टक्के. विचलन जवळपास शून्य.
एवढी स्वच्छ नोंद
मी कुठल्याच प्रयोगात पाहिली नव्हती.
अम्मा म्हणाली, याला किती मिती लागतील गं?

सकाळी सातला
तिच्यासोबत रांगेत उभी राहिले, वही घेऊन.
मुकादमानं जुडी उचलली,
न बघताच अर्धी मूठ बाजूला टाकली,
मग मान वर केली.
तुम्ही कोण?